महानुभावांची स्थानपोथी आणि महाराष्ट्राचा भूगोल

पदवीच्या वर्गात 'लीळाचरित्रा'तील वेचे शिकवताना एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात आली आहे. विद्यार्थी लीळेतील संवाद लक्षपूर्वक वाचतात, जुन्या क्रियारूपांखाली रेघा ओढतात, तात्पर्य वहीत उतरवून घेतात. मात्र गावाचे नाव आले की ते ओलांडून पुढे जातात. गोसावी अमुक गावी होते, अमुक देवळाच्या चौकात त्यांचे आसन होते, ही वाक्ये त्यांना पडदा वर जाण्यापूर्वीच्या रंगसूचनांसारखी वाटतात. दोष विद्यार्थ्यांचा नाही. आम्ही शिक्षकही ती वाक्ये तशीच ओलांडत आलो आहोत. वेच्यांच्या पुस्तकांत तळटीपा असतात त्या कठीण शब्दांना. गावांना तळटीप क्वचितच मिळते.

परंतु ज्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला, त्यांच्या दृष्टीने गावाचे नाव ही लीळेची पार्श्वभूमी नव्हती, ते लीळेचेच अंग होते. कोणी, कोणाला, काय म्हटले याइतकेच ते कोठे म्हटले, याला त्यांच्या लेखी मोल होते. इतके की पुढे त्यांच्या परंपरेने केवळ या 'कोठे'चा एक स्वतंत्र ग्रंथ तयार केला. 'स्थानपोथी' हा तो ग्रंथ. साहित्य एखाद्या भूमीला अर्थ देते, असे आपण नेहमी सैलपणे म्हणतो. तो अर्थ नेमका कसा दिला जातो, कोण देते, तो टिकतो कशाने आणि हरवतो कशाने, हे पाहण्यासाठी मराठीत 'स्थानपोथी'सारखे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. म्हणून या लेखात तिच्यापुरतेच बोलायचे ठरविले आहे.

१.

आरंभीच एक विसंगती समोर ठेवली पाहिजे. ज्या पुरुषाच्या वास्तव्याने ही सारी स्थाने पवित्र ठरली, त्या चक्रधरस्वामींची शिकवण स्थानाची आसक्ती धरण्याच्या विरुद्ध होती. त्यांच्या वचनांचे जे संकलन केशिराजबासांनी 'सूत्रपाठ' या नावाने केले, त्यातील आचार प्रकरणात साधकाने कसे राहावे याविषयीचे नियम येतात. त्यांचा रोख स्पष्ट आहे. साधकाने ओळखीच्या माणसांत राहू नये, एका ठिकाणी रुळू नये, देशाच्या कडेला कोठेतरी झाडाखाली आयुष्य घालवावे. रूढ तीर्थक्षेत्रांची ओढही त्यांनी साधकासाठी त्याज्य मानली. भिक्षा मागत, निरालंब वृत्तीने फिरत राहणे याला पंथात 'अटन' म्हणतात. अटनाचा हेतूच असा की कोणतीही जागा आपली होऊ नये.

अशा गुरूच्या शिष्यांनी जागांची पोथी लिहावी, हे वरवर पाहता गुरूच्या शब्दाविरुद्ध आहे. ही विसंगती कशी निर्माण झाली, हे समजून घेतल्याशिवाय स्थानपोथीचा अर्थ लागत नाही.

चक्रधर मूळचे मराठी मुलखातले नव्हते. परंपरेप्रमाणे ते गुजरातेतील भडोचचे, एका प्रधानाचे पुत्र. रामयात्रेच्या निमित्ताने घर सोडून ते विदर्भात आले, आणि रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या भेटीने त्यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले. पुढे यादवांच्या राज्यात ते गावोगाव हिंडले. गोदावरीचे दोन्ही काठ, प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण, बेलापूर, डोमेग्राम, वेरूळ, आणि पुन्हा पुन्हा वऱ्हाड. ते मराठीत बोलले. शिष्यांना त्यांनी कानडी आणि तेलंगी मुलखात न जाण्याची आज्ञा केली आणि महाराष्ट्रात राहण्यास सांगितले.

ही आज्ञा आज मराठीच्या अभिमानाचा आद्य पुरावा म्हणून सभासंमेलनांत नेहमी सांगितली जाते. तिचे कारण मात्र सहसा कोणी सांगत नाही. परंपरेने दिलेले कारण असे की ते मुलूख विषयसुखांनी समृद्ध आहेत आणि तेथे तपस्व्याला मान मिळतो. म्हणजे साधकाने महाराष्ट्रात राहायचे ते येथे त्याचा गौरव होईल म्हणून नव्हे. गौरवाचा मोह येथे कमी म्हणून राहायचे. अभिमानाचे सोडाच, आपल्या मुलखाविषयी इतके निरहंकारी विधान आम्हांला अन्यत्र आढळलेले नाही.

पुढच्या भाष्यकारांना प्रश्न पडला की 'महाराष्ट्र' म्हणजे नेमके कोठपर्यंत? आचारविषयक भाष्यात त्याचे जे उत्तर आले, ते भूगोलाच्या अभ्यासकांनीही लक्षपूर्वक वाचावे असे आहे. मराठी भाषा जेथवर चालते तो देश, असे धोरण धरून भाष्यकार त्याची खंडमंडळे पाडतात. दक्षिणेकडे फलटणपासून सुरुवात, मग बालाघाट, मग 'गंगे'चे म्हणजे गोदावरीचे दोन्ही तीर, पुढे मेहकरचा घाट आणि अखेर सगळे वऱ्हाड. राजाचे राज्य कोठवर, हा प्रश्न येथे कोणी विचारलेला नाही. सीमा ठरते ती भाषेने. पण त्याचबरोबर हेही दिसते की हा नकाशा पंथाच्या पावलांनी मापलेला आहे. आज ज्याच्यावाचून महाराष्ट्राची कल्पनाच करवत नाही ते कोकण या खंडमंडळांत येत नाही. गोदावरी मध्ये, वऱ्हाड वरच्या अंगाला आणि फलटण दक्षिणेच्या टोकाला, असा हा महाराष्ट्र आहे. प्रत्येक नकाशा कोणाच्या तरी चालण्याचा असतो, हे येथे उघड दिसते.

२.

चक्रधर निघून गेले. ते उत्तरापंथे गेले, अशी पंथाची श्रद्धा आहे. त्यांच्या मागे शिष्यांचा मेळा रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिला आणि त्याचे नेतृत्व नागदेवाचार्यांकडे, म्हणजे भटोबासांकडे आले. त्या काळातील त्यांच्या मनःस्थितीचे चित्र 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात मिळते. नागदेवाचार्य एकांतात स्वामींच्या लीळांचे मनन करीत असत. हे पाहून म्हाइंभटांना वाटले की ज्यांनी स्वामींना पाहिले ती माणसे आहेत तोवर ठीक. पुढे येणाऱ्यांना हे कसे कळणार? त्या काळजीतून लीळा जमविण्याचे काम सुरू झाले.

म्हाइंभटांची पद्धत आजच्या इतिहासकाराला आदर वाटावा अशी होती. ज्या माणसाला जी लीळा ठाऊक, त्याच्याकडे जायचे, त्याच्या तोंडून ती ऐकायची, लिहून घ्यायची आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यायची. तेराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रिद्धपूरच्या वाजेश्वरीच्या देवळात बसून हे लेखन झाले, असे परंपरा सांगते. लीळांची 'एकांक', 'पूर्वार्ध' आणि 'उत्तरार्ध' अशी विभागणीही स्वामींच्या जीवनक्रमानुसारच आहे. आणि जो पुरुष सतत चालत होता त्याचा जीवनक्रम म्हणजे त्याचा मार्गक्रम. काळ सांगायचा तर गाव सांगावे लागे. साक्षीदारांना तिथी आठवत नसत, जागा आठवत. आपल्याही आठवणींचे असेच असते. वडिलांनी एखादी गोष्ट कोणत्या साली सांगितली ते आपण विसरतो; ओसरीवर सांगितली की शेताच्या बांधावर, ते मात्र विसरत नाही.

गावाचे नाव लीळेचे अंग कसे बनले, हे यावरून कळते. ते पुराव्याचा भाग होते. 'अमुक देवळाच्या सोंडीवर स्वामी बसले होते' असे सांगणारा माणूस आपण तेथे होतो, हेही सांगत असतो.

मग संकट आले. देवगिरीवर अलाउद्दीन खिलजीची पहिली स्वारी १२९६ मध्ये झाली आणि पुढच्या दोन दशकांत यादवांचे राज्य संपले. या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ प्रत हरवली, असे पंथाचा इतिहास सांगतो. ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. हिराइसा नावाच्या स्त्रीच्या स्मरणावर आधारलेला पाठ त्यांपैकी एक. एकाच ग्रंथाचे अनेक पाठ झाले ते यामुळे. ग्रंथ हरवू शकतो, हे या मंडळींना अनुभवाने कळले. स्थानांविषयीची त्यांची दक्षता या भयाशी जोडून पाहिली पाहिजे, असे आम्हांला वाटते. पोथी जाऊ शकते, माणसे जातातच. जागा मागे राहते. आणि जागा ओळखण्याची खूण हरवली तर तीही जाते.

३.

'स्थानपोथी' ही चौदाव्या शतकातील रचना मुनिव्यास कोठी यांच्या नावावर आहे. तिच्यात कथा नाही, काव्य नाही, उपदेशही जवळजवळ नाही. गावामागून गाव घेऊन ती सांगते की गावाच्या कोणत्या दिशेस कोणते देऊळ, त्याचे दार कोणीकडे, चौक कसा, पटीशाळा कोठे, आणि त्यात स्वामी कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या खांबाशी बसले. जेथे मुक्काम झाला ते अवस्थान. जेथे रात्र काढली ती वसती. जेथे घटकाभर टेकले ते आसन. आरोगणा म्हणजे भोजन कोठे झाले, पहुड म्हणजे निद्रा कोठे झाली, याची नोंद होते. इतकेच नव्हे, तर परिश्रयाची, म्हणजे देहधर्माची जागाही ती तितक्याच गांभीर्याने सांगते.

हे शेवटचे वाचून नव्या वाचकाला हसू येते. वर्गातही येते. पण तेथेच थोडे थांबले पाहिजे. क्षेत्रमाहात्म्यांची आपल्याकडची जी जुनी परंपरा आहे, तीत एखादी जागा पवित्र होते ती अलौकिक घटनेमुळे. तेथे देव प्रकटला, दैत्य मारला गेला, ऋषीने तप केले, सतीचा अवयव पडला. स्थानपोथीतल्या जागा पवित्र होतात त्या एक माणूस तेथे जेवला, झोपला, बसला म्हणून. पंथाच्या श्रद्धेनुसार तो परमेश्वराचा अवतार होता, हे खरे. पण पोथी ज्याची नोंद करते तो त्याचा देह आहे, देहाचे रोजचे व्यवहार आहेत. ज्ञानोपदेशाची जागा आणि परिश्रयाची जागा यांच्यात ती उच्चनीच करीत नाही. दैनंदिनाला इतके मोल देणारे लेखन त्या काळच्या मराठीत दुसरे नसावे.

याहून महत्त्वाची गोष्ट देवळांविषयीची आहे. चक्रधरांचा मुक्काम पुष्कळदा देवळांत होई. फिरत्या संन्याशाला सहज उपलब्ध असलेला निवारा तोच. स्थानपोथीत म्हणूनच देवळेच देवळे आहेत. परंतु महानुभावांना त्या देवळांतील देवतांची उपासना मान्य नाही. म्हणजे भाविक देवळात जातो, पण गाभाऱ्याकडे नव्हे; चौकातल्या एका कोपऱ्याकडे. त्याच्या लेखी देऊळ हे त्या कोपऱ्याचा पत्ता सांगण्याचे साधन आहे. एकाच वास्तूत दोन भूगोल नांदतात. एकाचे केंद्र मूर्ती, दुसऱ्याचे केंद्र खांबाजवळची ओंजळभर जागा. वेरूळच्या लेण्यांत चक्रधरांचे वास्तव्य झाले होते. तेथे तर ज्यांनी लेणी कोरली त्यांचा अर्थ, पुढे तेथे पूजा करणाऱ्यांचा अर्थ, यादवकालीन संन्याशाच्या शिष्यांचा अर्थ आणि आजच्या पर्यटकाचा अर्थ असे थर साचलेले आहेत. जागेचा अर्थ दगडात नसतो, ती कोणत्या कथेत उभी आहे यात असतो, हे याहून स्पष्ट कसे दिसावे?

स्थानपोथीच्या या काटेकोरपणाचा एक अनपेक्षित लाभ इतिहासाला झाला. तिच्या कर्त्याला वास्तुशास्त्र लिहायचे नव्हते. त्याला एक कोपरा दाखवायचा होता. पण कोपरा दाखविण्यासाठी त्याला सगळे देऊळ सांगावे लागले. आज त्यांतील कित्येक देवळे पडली आहेत, कित्येक ओळखू न येण्याइतकी बदलली आहेत. यादवकालीन गावांत कोणत्या देवतांची देवळे होती आणि ती गावाच्या कोणत्या अंगाला होती, हे जाणण्याचे साधन म्हणून अभ्यासक या पोथीकडे वळतात ते त्यामुळे. भक्तीसाठी केलेली नोंद इतिहासाच्या कामी आली, कारण ती अचूक होती. आणि ती अचूक होती, कारण भक्तीला चुकीची जागा चालणार नव्हती.

४.

जागेला अर्थ देण्याच्या दोन तऱ्हा आपल्या परंपरेत शेजारी शेजारी दिसतात. पहिली उसनवारीची. गोदावरीला 'गंगा' म्हणायचे, पैठणला 'दक्षिण काशी' म्हणायचे. दूरच्या प्रतिष्ठित स्थळाचे नाव जवळच्या स्थळाला द्यायचे. ॲन फेल्डहाउस यांनी 'कनेक्टेड प्लेसेस' (२००३) या ग्रंथात महाराष्ट्रातील यात्रांचा आणि प्रदेशकल्पनेचा अभ्यास करताना अशा प्रतिरूपांची साक्षेपाने छाननी केली आहे. त्याच ग्रंथात महानुभावांच्या स्थानांचाही विचार आहे. दुसरी तऱ्हा स्वतःच्या घटनेची. या जागेचे महत्त्व दुसऱ्या कोणत्याही जागेसारखी असण्यात नाही. जे येथे घडले ते येथेच घडले, यात आहे.

महानुभाव दोन्ही तऱ्हा वापरतात. गोदावरी त्यांच्याही ग्रंथांत गंगाच आहे. त्यांच्या मान्यवर 'साती ग्रंथां'पैकी दोहोंची नावेच स्थळांची आहेत : रवळोबासांचे 'सह्याद्रिवर्णन' आणि नारायणव्यास बहाळिये यांचे 'ऋद्धिपूरवर्णन'. यांतला सह्याद्री म्हणजे आपण शाळेत शिकतो ती पश्चिमेची पर्वतरांग नव्हे. दत्तात्रेयप्रभूंचे स्थान असलेले माहूर. पुराणातला पर्वत तेथे पैनगंगेच्या परिसरात येऊन उभा राहिला आहे. ऋद्धिपूर मात्र कोणाचे प्रतिरूप नाही. त्याला पंथात 'परमेश्वरपूर' म्हणतात, ते गोविंदप्रभू तेथे राहिले म्हणून.

हे गोविंदप्रभू, ज्यांना गावकरी 'राऊळ' म्हणत, त्यांच्या चरित्रात रिद्धपूरचा जो नकाशा उमटला आहे, तो देवळांपुरता मर्यादित नाही. राऊळ गल्ल्यांतून हिंडतात, बाजारात दुकानदारांच्या पुढ्यातले उचलून खातात, पोरांबरोबर खेळतात, कोणाच्याही घरात शिरतात. ते मातंगांच्या वस्तीत जातात. त्यांना पाणी नाही म्हटल्यावर विहिरीची जागा दाखवितात. गावातल्या उच्चवर्णीयांना याचा त्रास होतो, तोही चरित्रात नोंदलेला आहे. गाव म्हणजे कोणी कोठे जावे आणि कोठे जाऊ नये याचे एक कडक कोष्टक असते. राऊळांचे हिंडणे ते कोष्टक मोडत जाते, आणि चरित्रकार त्या प्रत्येक मोडण्याची जागा टिपून ठेवतो. पुढे पंथाच्या वंदनात या जागा आल्या, तेव्हा ज्या वाटा शिष्टांना वर्ज्य होत्या त्याही वंदनीय ठरल्या. साहित्याने भूमीला अर्थ देणे म्हणजे केवळ तिचे सौंदर्य गाणे नव्हे. कोणती जमीन पायाखाली घेण्यास योग्य, हा निर्णयही साहित्य बदलू शकते. तो गावाने नंतर किती पाळला, हा प्रश्न वेगळा आणि दुःखाचा आहे. पण ग्रंथात तो बदल नोंदला गेला आहे.

शेजारच्या वारकरी परंपरेशी तुलना केली तर हा भेद अधिक उठून दिसतो. वारीचा भूगोल एका केंद्राकडे धावतो. वाटा कितीही असोत, पंढरपूर एक. महानुभावांचा भूगोल विखुरलेला आहे. माहूर, रिद्धपूर, फलटण ही मोठी स्थाने असली तरी शेकडो लहान स्थानांवाचून तो पुरा होत नाही. गुरू एका जागी राहिला नाही, म्हणून त्याची आठवणही एका जागी राहू शकली नाही. आरंभी ज्या विसंगतीचा उल्लेख केला तिचे उत्तर आम्हांला येथे मिळते. शिष्यांनी अटन सोडले नाही. अटनाला मार्ग मिळाला. कोठेही न रुळता फिरावे ही आज्ञा, आणि गुरूला विसरू नये ही आर्तता. या दोहोंचा मेळ त्यांनी स्थानवंदनात घातला. स्थानावर जायचे, नमस्कार करायचा, पुढे निघायचे.

नेवाशाचे उदाहरण या संदर्भात आठवते. 'ज्ञानेश्वरी'च्या समारोपात गोदावरीच्या दक्षिणेकडील या क्षेत्राचा, तेथील मोहिनीराजाच्या अधिष्ठानाचा आणि रामचंद्र यादवाच्या राज्याचा उल्लेख येतो. काळ शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ग्रंथ सांगितला असे लोक मानतात, तो खांब नेवाशात आहे. त्यावर दानाचा शिलालेख आहे, म्हणजे त्याचे मूळचे प्रयोजन निराळे होते. दुर्गा भागवतांच्या ज्या पुस्तकाला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्या 'पैस'चे नाव या खांबावरून आलेले आहे. दिव्याच्या तेलासाठी दान नोंदविणारा खांब ग्रंथाचा खांब झाला, आणि सहाएकशे ऐंशी वर्षांनी ललित निबंधाचा विषय. दगड तोच, त्याला टेकणारी कथा बदलत गेली.

५.

स्थानपोथी आणि तिच्यासारखे ग्रंथ पंथाने शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत बंद ठेवले. सकळ लिपी ही त्यांतली प्रमुख. त्या काळात बाहेरच्या मराठी वाचकाला ही सारी स्थाने निव्वळ ओटे होती. भाविकांनी मात्र वंदन सोडले नाही. ओटे बांधले, त्यांना चुना दिला, स्थानावरचे पाषाण जपले. स्वामींच्या स्पर्शाने पावन मानलेले असे पाषाण, ज्यांना पंथात 'विशेष' म्हणतात, घरी आणि मठांतही पूजिले जातात. त्यामुळे जागेलाच प्रवास करता येऊ लागला. पंथ पंजाबात पोहोचला, तेथे तो 'जयकृष्णी' म्हणून ओळखला गेला. काबूलपर्यंत त्याचे मठ गेले. ज्यांची मातृभाषा मराठी नाही अशा घरांत गोदाकाठच्या गावांची नावे भक्तीने उच्चारली गेली. मराठी भूगोलाचा एवढा दूरचा वाचक दुसऱ्या कोणत्या मराठी ग्रंथाला मिळाला असेल?

विसाव्या शतकाच्या आरंभी पंथातील महंतांच्या साहाय्याने लिप्यांची उकल झाली. वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांनी या वाङ्मयाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, य. खु. देशपांडे यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले, ह. ना. नेने, वि. भि. कोलते आणि शं. गो. तुळपुळे यांनी संपादन आणि विवेचन केले. मराठी गद्याचा इतिहास त्यामुळे नव्याने लिहावा लागला. हे ऋण मोठे आहे. परंतु त्याबरोबर एक गोष्ट घडली. हा ग्रंथसंभार मठांतून विद्यापीठांत आला तेव्हा त्याचा काळ आला, भाषा आली, व्याकरण आले. जागा मात्र मागे राहिल्या. मठात पोथी ही चालण्याची सोबत होती. वर्गात ती परीक्षेची सोबत झाली. पूर्वी ग्रंथ बंद आणि वाटा उघड्या होत्या. आज ग्रंथ उघडे आहेत, आणि वाचकांपैकी त्या वाटांनी जाणारे थोडे.

आणि वाटाही जशाच्या तशा राहिलेल्या नाहीत. जुन्या ओट्यांवर संगमरवर चढला, देवळांचे जीर्णोद्धार झाले, कोपरे बुजले. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाखाली पैठणच्या वरच्या अंगाची अनेक गावे गेली. 'गावाच्या पूर्वेस' असे पोथी सांगते; पण गावच उठून दुसरीकडे वसले, तर पूर्व कोणाची धरायची? भाविकांच्या श्रद्धेनुसार होणाऱ्या बदलांना नावे ठेवण्याचा आमचा अधिकार नाही. स्थान त्यांनी राखले म्हणून आज आपण त्याविषयी बोलू शकतो. तरीही पोथीतले वर्णन आणि आजची जागा शेजारी ठेवून नोंद करण्याचे काम अभ्यासकांचे आहे, आणि ते होईल तितक्या लवकर झाले पाहिजे.

रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन करण्याचा कायदा २०२३ मध्ये झाला. पुढच्याच वर्षी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ज्या गावात म्हाइंभटांनी साक्षीदारांच्या तोंडून लीळा टिपल्या, तेथे विद्यापीठ व्हावे ही आनंदाची गोष्ट आहे. गौरवाचे समारंभ होतील, व्हावेतही. पण तपस्व्याला मान मिळतो त्या मुलखात जाऊ नका, असे सांगणाऱ्याच्या परंपरेतले हे गाव आहे, याचा विसर पडू नये. त्या गावाला साजेल असे काम कोणते, असे आम्हांला कोणी विचारले तर आम्ही म्हणू : स्थानपोथीतील एकेक स्थान प्रत्यक्ष पाहून, दिशा तपासून, उरलेले आणि नाहीसे झालेले वेगळे नोंदवून एक नवी स्थानसूची तयार करावी. म्हाइंभटांचीच पद्धत, साक्षीदाराकडे जावे, ऐकावे, लिहावे, पारखून घ्यावे.

तोवर आपल्या वर्गात एवढे तरी करता येईल. पुढच्या वेळी लीळा शिकवताना गावाच्या नावाशी थांबावे. विद्यार्थ्यांना नकाशात ते शोधायला लावावे. सापडले तर आज त्याचे नाव काय, नदी कोणती, तेथे कोण राहते, हे विचारावे. आमच्या वर्गात हा प्रयोग केला तेव्हा नेवासे तालुक्यातून आलेली एक विद्यार्थिनी म्हणाली की आमच्या शिवारात एक ओटा आहे, आजी तेथे नारळ ठेवते; तो कोणाचा ते घरात कोणी सांगितले नाही. तो ओटा स्थानपोथीतला आहे की नाही, हे आम्हांला अद्याप ठरविता आलेले नाही. ती सुटीत मोजमापे आणि दिशा लिहून आणणार आहे.